दुकान, वडील आणि पतसंस्था : सायबर धोक्यांत आधी कशाकडे बघायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकल मालाचं घाऊक दुकान आहे. हिशेब टॅलीत, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, वसुली बरीचशी यूपीआयवर. गेल्या महिन्यात तुमच्या निवृत्त शिक्षक वडिलांना "तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय" असा फोन आला. अर्धा-पाऊण तास ते त्यात अडकले, पैसे मात्र गेले नाहीत. त्याच आठवड्यात दुकानातल्या मुलाला 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली आणि त्याने ती उघडली. काका पतसंस्थेचे संचालक आहेत, त्यांनाही घोर लागलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की चांगला अँटिव्हायरस कोणता आणि वर्षाला खर्च किती धरावा.

छोटे कारखाने, व्यापारी आणि सहकारी संस्था यांच्या संगणक-सुरक्षेचं काम मी बरीच वर्षं करते. त्या भरवशावर लिहिते आहे. अँटिव्हायरसचं उत्तर देईन, पण शेवटी. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टींत त्याचा नंबर शेवटचाच लागतो.

आधी त्या मुलाचा फोन, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे. ती फाइल एपीके असणार, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल. चलान, लग्नपत्रिका, पीएम किसान, वीजबिल अशी नावं बदलतात, आतला माल साधारण एकच असतो. बसवताना ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ती मिळाली की फोनवर आलेला प्रत्येक ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. काही अ‍ॅप्स स्वतःचं चिन्ह लपवतात, काही त्याच फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या ओळखीच्यांना तीच फाइल पुढे पाठवतात. म्हणून "फोन तर नीट चालतोय" याला काही अर्थ नाही. नीट चाललेला फोनच त्यांना हवा असतो.

काय करायचं ते सांगते. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून त्याच्या बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. फोटो केबलने संगणकावर उतरवून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, कारण ते अ‍ॅक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या परवानग्या (पडदा वाचायच्या, फोनवर ताबा ठेवायच्या) धरून बसलेलं असू शकतं. त्या फोनवर दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं असेल तर दुकानाच्या फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी यंत्रं काढून टाका. पासवर्ड बदलाल ते दुसऱ्या फोनवरून. आणि चलान खरंच आहे का हे बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. चलान दाखवण्यासाठी सरकार कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही.

त्या मुलाला झापू नका, हे मुद्दाम सांगते. त्याने येऊन सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. ज्या दुकानात अशा गोष्टीवरून नोकराचा उद्धार होतो तिथे पुढची फाइल कुणी सांगत नाही, आणि मग महिन्याभराने खातं रिकामं झाल्यावरच समजतं.

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही विचारताय ते 'कोणता अँटिव्हायरस' असं, पण माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात, दुकानात आणि काकांच्या संस्थेत एखादी गोष्ट खरी आहे, हे कोण ठरवतं आणि कुठून खात्री करून ठरवतं? बहुतेक मोठ्या फसवणुकींत चोरांनी कुलूप फोडलेलं नसतं. खात्री करायची जी जागा असते तिथे ते स्वतः जाऊन बसलेले असतात. तुम्ही विचारता, तेच उत्तर देतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र पैसे देण्याआधी बँकेला विचारतं : हे कार्ड खरं का, खात्यात रक्कम आहे का? ही विचारपूस स्विच नावाच्या प्रणालीतून होते. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून त्या वाटेवर स्वतःचा बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली, आपल्या कोल्हापुरातही राहिली, आणि प्रत्येक विचारणेला तो बनावट स्विच "द्या पैसे" म्हणत गेला. बँकेच्या मुख्य खातेप्रणालीपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. हे झालं ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकांच्या यंत्रणेतून, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ती माणसं एटीएममधून पैसे काढणारी आणि जुळवाजुळव करणारी. डोकं चालवणारे हाती लागले नाहीत.

एवढी मोठी बँक आणि तुमचे वडील यांच्यात साम्य काय, असं वाटेल. वडिलांच्या फोनची रीत आठवून बघा. पहिला माणूस 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेतून किंवा कुरिअर कंपनीतून बोलतो. वडील म्हणतात, माझा काही संबंध नाही. तो म्हणतो, मग मुंबई पोलिसांशीच बोला, मी जोडून देतो. म्हणजे शंका आली तर खात्री कुठे करायची, तेही तोच ठरवतो. मग व्हिडिओ कॉल, गणवेश, मागे राजमुद्रा, व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यांचं पत्र. शेवटी "रकमेची पडताळणी होईपर्यंत" पैसे अमुक खात्यात ठेवा. मधल्या काळात फोन ठेवायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही, या दोन अटी. सगळी इमारत त्यांच्यावरच उभी असते, कारण दुसऱ्या कुणाशी दोन मिनिटं बोलणं झालं की ती कोसळते.

या फसवणुकीलाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. यात शिक्षण आणि हुशारी कामाला येत नाही. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ऐंशी पार केलेल्या अध्यक्षांना याच पद्धतीने ७ कोटींना लुबाडलं. त्यांच्यासाठी व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली होती. तक्रार लवकर झाल्याने त्यातले पाच कोटींहून अधिक परत मिळाले. त्यानंतर २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्ट नावाची कायद्यात तरतूदच नसल्याचं सांगितलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. तरीही फोन चालूच आहेत, कारण ते ज्यावर चालतात ती गोष्ट भाषणाने जात नाही. सरकारी कागदाला आयुष्यभर मान दिलेला माणूस साहेबाचा फोन मध्येच ठेवू शकत नाही. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले निवृत्त लोक यात जास्त सापडलेले मी पाहिले, ते याच सवयीमुळे.

म्हणून वडिलांना "सावध राहा" सांगून काही होणार नाही. त्यांना एक नियम द्या, ज्यात त्यांना काही ठरवावंच लागणार नाही : पोलीस, कोर्ट, बँक, कुणीही असो, "मुलाशी बोलून सांगतो" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. समोरचा खरा अधिकारी असेल तरी चालेल, त्याने काही बिघडत नाही. हे त्यांना पटायला हवं, कारण त्यांची भीती नेमकी तीच असते. तुमच्या पोलीस ठाण्याचा नंबर ठाण्यावर जाऊन घ्या आणि त्यांच्याच हाताने फोनजवळच्या कागदावर लिहवून घ्या. एकदा घरातच नाटक करून पाहा. नातवाला पोलीस करा. हसतील, पण फोन ठेवायची सवय लागते.

ठेवींचं काय करायचं हे घराघरावर अवलंबून आहे. काही जण मोठी मुदत ठेव दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी करून घेतात, नेट बँकिंगची रोजची मर्यादा खाली आणतात. यातून खूप वाचतं. पण वडिलांना न विचारता केलंत तर "मला आता पैशाचीही अक्कल नाही का" हे ऐकावं लागेल, आणि ते बरोबर असेल. त्यांनी स्वतः ठरवलं तरच करा.

निवृत्त लोकांचे पैसे जातात असा दुसरा रस्ता म्हणजे शेअर शिकवणारे व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम ग्रुप. तिथे भीतीऐवजी लोभ असतो, एवढाच फरक. अ‍ॅपमध्ये नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला दोन-चार हजार काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की "आधी कर भरा". ते अ‍ॅप त्यांचंच असतं, आकडे ते टाकतात, ग्रुपमधले निम्मे "मला दुप्पट मिळाले" म्हणणारेही तेच असतात. दलाल सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला आहे का हे सेबीच्या साइटवर जाऊन बघायचं, ग्रुपमध्ये आलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर नाही.

आता दुकान. तुमच्यासारख्या धंद्यात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती 'आमचं खातं बदललंय' या निरोपाची. पार्टीकडून ई-मेल येते : आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, यापुढे पेमेंट खालील खात्यात करा. खाली नेहमीची सही, नेहमीचा लोगो, वर मागच्या महिन्याचा खराखुरा पत्रव्यवहार. मी अशा मेल संगणकाच्या पडद्यावर मोठ्या करून दाखवते तेव्हा लोक दोन-दोन मिनिटं बघत राहतात आणि तरी फरक सापडत नाही. कंपनीच्या नावात इंग्रजी 'एम' असतो, त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी टाकलेले असतात. बारीक अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. आणि खरी गंमत सहीच्या खाली असते : तिथला फोन नंबरही बदललेला असतो. त्यामुळे हुशार अकाउंटंट खात्री करायला फोन लावतो तो थेट भामट्यालाच, आणि समोरून अगदी आपुलकीने "हो हो, बदललंय खातं, माल लवकर पाठवतो" असं उत्तर येतं. कॉसमॉसच्या बनावट स्विचने हेच केलं होतं.

त्यामुळे दुकानात एकच कडक नियम करा : खातं बदललं हा निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने खात्री करायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर जुन्या वहीतल्या, जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन. फोनवर आला तर वसुलीला येणाऱ्या त्यांच्या माणसाला समोर विचारायचं. घाई आहे म्हणणाऱ्यासाठी हा नियम मोडायचा नाही, मालकासाठीसुद्धा नाही. आवाज ओळखीचा वाटला किंवा व्हिडिओवर चेहरा दिसला, तरी नाही. २०२४ च्या सुरुवातीला एक प्रकरण उघड झालं. अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर वेगवेगळ्या खात्यांत पाठवले होते. त्या बैठकीतली बाकीची माणसं कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. आपल्याकडे इतकं लांबचं कशाला, पुरवठादाराचं व्हॉट्सअ‍ॅपच कुणी ताब्यात घेतलं की झालं.

यूपीआयचं फार लांबवत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, एवढं कामगारांना पक्कं करा. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोय ती यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, त्यामुळे "मी रिक्वेस्ट पाठवतो, तुम्ही स्वीकारा" ही जुनी युक्ती आता अवघड झालीय. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात दिसलं तरच माल सोडा. काउंटरवरच्या क्यूआरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे सकाळी दुकान उघडताना बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण व्यापाऱ्यांना ती फार छळते. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत कुणा गिऱ्हाइकाच्या हातून तुमच्याकडे बिलापोटी आले, तर तपासात तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाऊ शकते, क्वचित अख्खं खातंच. तक्रार भलत्याच राज्यातल्या पोलिसांकडे असते. अशा वेळी बिल, जीएसटीची नोंद, माल गेल्याची पावती आणि गिऱ्हाइकाचा नंबर हाताशी असेल तर प्रकरण आठवड्यांत सुटतं, नसेल तर महिने जातात. अनोळखी माणसाला मोठा माल यूपीआयवर बिलाशिवाय देऊ नका. आणि दुकानातल्या पोरांना सांगा, "कमिशन देतो, तुझं खातं वापरायला दे" म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा त्या खातेदाराच्या दारात येतात.

टॅलीच्या संगणकाचा धोका मात्र वेगळ्या जातीचा आहे, इथे खात्रीबित्रीचा प्रश्न नाही. इथे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतात, म्हणजे रॅन्समवेअर. छोट्या दुकानांत शिरकाव कसा होतो, याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत नेहमीचं कारण सांगते. अकाउंटंटला किंवा सीएला घरून काम करता यावं म्हणून संगणकवाल्याने रिमोट डेस्कटॉप (लांबून संगणक चालवायची सोय) सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलेलं असतं. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. जगभर यंत्रं रात्रंदिवस अशी उघडी दारं चाचपत असतात, तुमचं दुकान कुणी मुद्दाम निवडलेलं नसतं. सोमवारी सकाळी संगणक सुरू केला की प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट असतं आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी. बॅकअप? तो त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर, किंवा कायम टोचून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. तोही लॉक झालेला.

मोठ्यांचंही वेगळं होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच लॉक झाले. नोंदणी, बिलं, तपासण्यांचे अहवाल, सगळं जवळपास दोन आठवडे कागदावर चाललं. जून २०१७ मध्ये उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं, त्याचं मूळ तर युक्रेनमध्ये होतं. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्यात सापडलं आणि आपल्याकडच्या त्यांच्या टर्मिनलचं कामही थांबलं.

म्हणून रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवरून बंद करा. सीएला खरंच लागत असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेल्या खासगी वाटेने द्या, किंवा सरळ बॅकअप फाइल पाठवा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. आज एक जोडायची, बॅकअप झाला की काढून घरी न्यायची, उद्या दुसरी. म्हणजे कुठल्याही क्षणी एक डिस्क संगणकापासून लांब असते. आणि महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून मागच्या आठवड्याचं एखादं बिल दिसतंय का बघा. मी कुठेही गेले की "बॅकअप आहे का" असं विचारतच नाही, सगळे हो म्हणतात. "शेवटचा कधी उघडून पाहिलात" हे विचारते. तिथे शांतता पसरते.

खंडणी द्यावी का? माझं मत, देऊ नये. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते, आणि एकदा दिलेल्याचा नंबर त्यांच्या यादीत राहतो. बॅकअप अजिबात नसलेल्या आणि पगार थांबलेल्या मालकाला हे सांगणं सोपं नसतं हेही खरं. निदान आधी युरोपोल आणि डच पोलिसांनी चालवलेल्या 'नो मोअर रॅन्सम' साइटवर त्या प्रकाराची किल्ली फुकट उपलब्ध आहे का ते पाहा, जुन्या प्रकारांची बऱ्याचदा असते. लॉक झालेली डिस्क पुसू नका, बाजूला ठेवा. आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेला कळवा. एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते.

काकांच्या पतसंस्थेबद्दल. संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय "संगणकवाला बघतो" म्हणून संपतो, आणि अडचण तिथेच आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला तोडलं आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआय-एटीएमपासून तुटले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, आणि त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती. तुमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर ज्याच्याकडून येतं, तो बुडाला तर तुम्ही बुडता. तेव्हा काकांनी विचारावं : आमचा डेटा कुठे आहे, त्याची प्रत आमच्या ताब्यात आहे का, आणि पुरवठादाराचे लोक आमच्या सर्व्हरवर बाहेरून केव्हा आणि कुणाच्या परवानगीने येतात? पिग्मी एजंटचा मोबाइल हरवला तर त्याचं लॉगिन किती वेळात बंद होतं, हेही. याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी "उद्या सांगतो" असं मिळेल.

एक फरक ध्यानात असू द्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे नियम केले, ते बँकांसाठी आहेत. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकाखाली नाही, आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव-विमा महामंडळाचं संरक्षणही नसतं. म्हणून पतसंस्थेत डिजिटल सेवा सुरू करायची घाई मला पटत नाही. शेजारच्या संस्थेने अ‍ॅप काढलं म्हणून आपण काढायचं, हे कारण नव्हे.

पैसे गेलेच तर काय, हे आत्ताच ठरवून ठेवा. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. त्याच वेळी बँकेला. १९३० वर तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले, त्या बँकेला आणि तिथून पुढच्या बँकांना सूचना जाते आणि वाटेत सापडेल ती रक्कम रोखून धरता येते. चोर मात्र रक्कम तुकडे करून अनेक खात्यांतून पळवत असतात, त्यामुळे पहिल्या तासाला सोन्याची किंमत आहे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक हाताशी ठेवा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार आणि बँकेला लेखी अर्ज, पोच घेऊन. २०१७ च्या त्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची सूचना तुम्हाला मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत बँकेला खबर दिली तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर खबर देईपर्यंतचा तोटा तुमचा, खबर दिल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं सरळ पैशात मोजता येतं. आणि "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन आठवड्याभरात येईल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

समाजाला असणाऱ्या धोक्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय. वीजजाळ्यावरच्या हल्ल्यासारख्या गोष्टींत दुकानदाराने करण्यासारखं काही नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२० मध्ये वीज गेली, ती घातपाताने की चुकीने, यावर राज्य आणि केंद्र यांचंच एकमत झालं नाही. पण धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८ ला तिथे भिक्षुकीसाठी आलेल्या मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड करण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली. तुमच्या व्यापारी ग्रुपवर "सगळ्यांना पाठवा" असं काही आलं की कुणीतरी एक जण "कुठून आलं हे?" असं विचारतो का, ते बघा. नसेल विचारत तर तुम्ही विचारा, वाईटपणा घेऊन.

राहिला अँटिव्हायरस आणि खर्च. विंडोज अस्सल असेल आणि अपडेट चालू असतील तर त्यातला डिफेंडर तुमच्या दुकानाला पुरेसा आहे. चोरीच्या विंडोजवर महागडा अँटिव्हायरस बसवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टॅलीचा संगणक त्यावर असेल तर पहिला पैसा तिथे घाला. दुसरा त्या दोन हार्ड डिस्कवर. जमलं तर बँकेच्या कामाला एक वेगळा, साधा संगणक ठेवा, ज्यावर ना मेल उघडायची ना सिनेमे. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपला आणि जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायला काहीच पडत नाही, ते आज रात्रीच करा. एवढं झाल्यावर पैसे उरले आणि मनाला बरं वाटत असेल तर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा अँटिव्हायरस घ्या, फक्त तो दुकानातून बिलासकट घ्या. "तुमच्या संगणकात व्हायरस सापडलाय" असं सांगणाऱ्या फोनवरून नको.